शेऱ्याच्या वहीतल्या तीस मेंढ्या

सातारा जिल्ह्यातले बहुतेक धबधबे मी पाहिलेले आहेत, आणि त्यांतल्या एकालाही पाणी नव्हतं. यात धबधब्यांचा काही दोष नाही. आम्ही जायचो मे महिन्यात.

आम्ही म्हणजे माधवनगरच्या एका कापड गिरणीच्या ऑफिसातले पाच-सहा जण आणि त्यांची कुटुंबं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, माणसं पुन्हा इस्त्रीचे कपडे घालायला लागली होती, आणि आमच्या हेडक्लार्क साहेबांनी एक भ्रमण मंडळ काढलं होतं. ते अध्यक्ष, मी सेक्रेटरी. पोरांच्या शाळांना सुट्टी मेमध्ये, म्हणून रजा मेमध्ये, म्हणून धबधबे मेमध्ये. साहेब काळ्या कोरड्या कड्यासमोर उभे राहायचे, छत्रीचं टोक वर करायचे आणि म्हणायचे, "इथून, बघा, इथून कोसळतं!" आम्ही सगळे माना वर करून बघायचो. एखादा "वा!" म्हणायचा.

"पावसाळ्यात आलो तर खरंच पडताना दिसेल नाही का हो?" वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, एकदा लिंगमळ्याला विचारलं.

"पावसाळ्यात चिखल असतो," साहेब म्हणाले. विषय संपला.

तळ्यांची गत जरा बरी होती. तळ्यात मेमध्येही थोडंफार पाणी असतं. महाबळेश्वरच्या तळ्यात आम्ही नावेत बसलो होतो. साहेबांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते नावेतही छत्री उघडून बसले होते, जणू बुडायची वेळ आलीच तर छत्री तारून नेईल.

या प्रत्येक ठिकाणी, विश्रामगृह असो की बाग, एक वही असायची. आलेल्या पाहुण्यांनी त्यात शेरा लिहायचा. आमच्या मंडळाचा तो खरा सोहळा. साहेब सांगायचे, मी लिहायचो. "व्यवस्था उत्तम. ढेकूण आढळले नाहीत." "तलाव पाहून मन प्रसन्न झाले. बाकांची संख्या वाढवावी." खाली मंडळाचं नाव आणि सगळ्यांच्या सह्या. मला सेक्रेटरी केलं होतं ते याच कामासाठी. माझं अक्षर फार चांगलं होतं. इतकं चांगलं, की त्याच्या जोरावर गिरणीत चिकटलो, आणि त्याच्याच जोरावर पुढं जे केलं ते केलं.

आता घरचं सांगतो. इतकी वर्षं जे सांगायचं टाळलं तेच लिहायला बसलोय, तर आडवळणं कशाला?

आमचं घर आटपाडीकडच्या माळावरचं. मेंढरं राखणारं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई दिवाळी झाली की कळप घेऊन निघायची, घाट उतरून कोकणात जायची. तिकडं कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, खाचराला खत मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. मेच्या मध्याला परत वर चढायचं, पाऊस धरायच्या आत माळावर पोचायचं. पाऊस घाटात गाठला तर मेंढरू टिकत नाही. पुढं आबा काठी घेऊन, मागं आई घोडं धरून. घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं.

म्हणजे ज्या डोंगरांत आम्ही वर्षातून आठ दिवस भ्रमण करायचो, त्यांत आई-आबा वर्षातले सहा-सात महिने पायी हिंडत होते. त्यांचं मंडळ नव्हतं एवढंच.

मला मात्र त्यांनी नवव्या वर्षीच सांगलीला बोर्डिंगात ठेवलं होतं. मी दर महिन्याला कार्ड लिहायचो. ती माळावर चुलत्याकडं जमा व्हायची आणि आबा परतले की गावातल्या मास्तरांकडून एकदम वाचून घ्यायचे. आबांना एक अक्षर येत नव्हतं, पण माझं अक्षर ते ओळखायचे. कार्ड लांब धरून म्हणायचे, "बघ की, मेंढरं खिंडीतनं निघाल्यागत चालल्यात. एक भाईर न्हाई." माझ्या अक्षराचं याहून मोठं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

गिरणीत लागलो त्या पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"जनावरांचं बघतात," मी म्हणालो.

"म्हणजे पशुसंवर्धन खात्यात?"

मी होय म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. चहाचा कप तोंडाला लावला. पुढच्या आठवड्यात साहेब कुणाला तरी सांगत होते, की याचे वडील तालुक्याला पशुसंवर्धन अधिकारी आहेत. मी ऐकलं आणि फाइल शोधायला गेलो. तीन वर्षांत माझ्या गप्प बसण्यावर आबांना खात्यात दोन बढत्या मिळाल्या.

खरं सांगितलं असतं तर कुणी मला गिरणीतून काढणार नव्हतं. आमच्यातल्या एकाच्या वडिलांची स्टँडवर चहाची टपरी होती. तो खुशाल सांगायचा, आणि साहेब स्वतः तिथं चहाला थांबायचे. म्हणजे लाज कुणी मला लावली नव्हती. ती मी घरूनच घेऊन आलो होतो.

त्या वर्षी मंडळाच्या सभेत साहेबांनी जाहीर केलं, "यंदा कोयना. धरण, जलाशय, बाग आणि नवजाकडचा धबधबा."

आबांची वाट मला पाठ होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या अंगाला येतात, तिथून पाटण, कराड, मग पुढं माळ. दिवस तेच, रस्ता तोच.

"महाबळेश्वरच करू या का परत?" मी म्हणालो. "लिंगमळ्याचा धबधबा गेल्या वेळी नीट दिसला नाही."

"कोरडा धबधबा आणखी नीट तो काय दिसणार?" वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. कोयना ठरली.

निघायच्या आधी मी सांगलीच्या पेठेतून एक काळा गॉगल घेतला. उन्हासाठी, असं स्वतःला सांगितलं.

पहिला दिवस जलाशयाच्या काठानं हिंडण्यात गेला. पाणी खूप खाली गेलेलं. तळाची तांबडी माती उघडी पडून तिच्या पायऱ्यापायऱ्या दिसत होत्या. सगळे पाण्याकडं बघत होते, मी रस्त्याकडं. घाटाकडून धुरळा उठला की माझं बोलणं तुटायचं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. आबा दोन दिवस आधीच पुढं गेले असणार असा मी हिशेब लावला आणि गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. ती बाग आता त्या रूपात राहिलेली नाही. तेव्हा हिरवळ होती, कारंजं होतं, ते रविवारी उडायचं आणि आम्ही गेलो तो सोमवार होता. फुलांचे नवे वाफे होते. आम्ही एका दाट आंब्याखाली सतरंजी पसरली. सांगलीचं भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. धबधब्याची बस अकराला होती. साहेब निसर्गरक्षणावर बोलत होते. त्या काळी हा विषय नवा होता, आणि साहेबांनी नवं काही वाचलं की ते पचेपर्यंत त्यांना दम निघत नसे.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मेंढ्या!"

कुंपणाच्या तारेत एका ठिकाणी फट होती, तिथून मेंढ्या आत आल्या होत्या आणि सरळ वाफ्यात शिरल्या होत्या. सात होत्या. मी मोजल्या नाहीत. मेंढरांच्या घरात वाढलेल्याला सात मोजाव्या लागत नाहीत. तुम्हाला हाताकडं बघून जशी पाच बोटं दिसतात, तशा सात दिसतात. आणि प्रत्येकीच्या डाव्या मांडीवर गेरूचे दोन आडवे पट्टे होते. ती आमची खूण. एकीच्या पाठीवरचा काळा ठिपकासुद्धा ओळखीचा होता. तिच्या आईला मी दिवाळीत चारा टाकला होता.

माणसाच्या आधी मी मेंढ्या ओळखल्या. मग फटीतून वाकून आबा आत आले. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, घाट चढून आलेले, गुडघ्यापर्यंत धुरळा. कानाला धरून एकेक मेंढी ओढायला लागणार तोच त्यांची नजर आमच्या सतरंजीकडं गेली.

त्यांनी मला पाहिलं. चेहरा उजळला. तोंड उघडलं.

मी गॉगल लावला.

एवढंच केलं. पळालो नाही, पाठ फिरवली नाही, काही बोललो नाही. गॉगल लावला. आबांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. त्यांनी माझ्या टेरिलिनच्या शर्टाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि पुन्हा मेंढ्यांकडं वळले.

तोवर बागेचा वॉचमन दंडुका घेऊन धावत आला होता. "ए! ए बाबा! डोळं फुटलं व्हय तुजं? कालच लावलेत ह्ये वाफं!"

"चुकलं सायेब," आबा म्हणाले. "तारंला वाट घावली, शिरली. मुकी जनावरं हायती. आत्ता काडतो."

"काडतो काय? कोंडवाड्यात जात्यात ह्या. बसा मग चार दिस."

"आवं, असं नगा करू. लेकुरवाळ्या हायती त्यातल्या दोन. कोकरं भाईर घोड्यावर हायती, दुदाबिगर मरत्याल. आन आबाळ आलंय बगा. पावसानं हितं गाटलं तर समदा कळप जाईल माजा."

कोंडवाडा म्हणजे काय ते मला साहेबांपेक्षा जास्त माहीत होतं. सात मेंढ्या अडकल्या की बाकीचा कळप अडकणार, रस्त्याच्या कडेला चारा नाही, आणि वर पाऊस. आबा वाढवून सांगत नव्हते.

"जाऊ द्या हो बिचाऱ्याला," वहिनी म्हणाल्या.

"बिचारा?" साहेब उठून उभे राहिले. आत्ताच निसर्गरक्षण झालं होतं, आणि निसर्गाचा शत्रू आपणहून चालत आला होता. "सगळे डोंगर यांनी बोडके केले! आणि हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं. विचारा यांना." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यांचे वडील पशुसंवर्धनात मोठे अधिकारी आहेत. सांगा हो सेक्रेटरी, मेंढी किती नुकसान करते?"

आबा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. एका हातात मेंढीचा कान.

"मेंढी मुळासकट खाते," मी म्हणालो.

कुठून आलं हे वाक्य, मला माहीत नाही. खरंही नव्हतं. आबांनी मान खाली घालून मेंढीनं खाल्लेल्या जागेकडं पाहिलं. मुळं जागच्या जागी होती.

"ऐकलंत?" साहेब सगळ्यांना म्हणाले.

वॉचमनचं म्हणणं असं पडलं, की त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर मुकादम कोंडवाड्याचा कागद करत नाही. पाहुण्यांची लेखी तक्रार असली तर करतो. शेऱ्याची वही आली. दौत-टाक नव्हता, माझ्या खिशातलं पेन होतं. मी बाकावर बसलो. साहेब सांगू लागले.

"आज रोजी सकाळी आम्ही सहकुटुंब बागेत बसलो असता... लिहिलंत? ...बसलो असता कुंपण तोडून सुमारे... नको, सुमारे खोडा. सुमारे म्हटलं की तक्रार पातळ होते. आकडा हवा. तीस लिहा. तीस मेंढ्यांचा कळप आत घुसला."

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं.

"तीस," साहेब म्हणाले. "बाकीच्या बाहेर असतीलच की."

मी तीस लिहिलं. पुढं वाफ्यांची नासधूस, निष्काळजी मेंढपाळ, कडक कारवाई, सगळं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. आबा माझ्या चेहऱ्याकडं एकदाही बघत नव्हते. माझ्या हाताकडं बघत होते, कार्डाकडं बघायचे तसे. एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं.

आम्ही सह्या केल्या आणि अकराची बस गाठायला निघालो. आबा फाटकाशी मेंढ्यांजवळ बसून राहिले. कुंपणापलीकडं बाकीचा कळप असणार, घोडं असणार. तिकडं बघायचं मी टाळलं.

धबधबा कोरडाच होता. कड्यावरून एक ओलसर रेघ तेवढी उतरत होती. साहेबांनी छत्री वर केली. "इथून कोसळतं!"

"वा," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

दिवाळीपर्यंत मी घरी गेलो नाही. जाऊन काय बोलायचं ते जुळवत होतो. सात मेंढ्यांचं काय झालं तेही कळलं नव्हतं, आणि कार्डात विचारावं तर ते मास्तर वाचणार. शेवटी दिवाळीला, कळप निघायच्या आधी, गेलो. गावात शिरताच पारावरून एक म्हातारा ओरडला, "आला रं, तिसाचा सायेब आला!"

मला वाटलं, संपलं. पण पारावरचे उठून जवळ आले. एकानं पाठ थोपटली. "गड्या, डोसकं लय चालिवलंस!" घरापुढं चुलते, भावकीतली माणसं जमली होती आणि आबा गोष्ट सांगत होते. ती उन्हाळ्यापासून त्यांनी किती वेळा सांगितली होती देव जाणे. चांगली घोटली गेली होती.

"मग मुकादम आला," आबा सांगत होते. "वही वाचली. म्हनला, तीस मेंढरं कुटायती? मी म्हनलं, सायेब, हायती ती ही. बसला की मोजत! सातच. मग वाचमनवर असा खवाळला! 'तेवीस मेंढरं तू खाल्लीस व्हय रं? वहीत तीस, कोंडवाड्यात सात, उद्या वरचा सायेब मला इचारंल, बाकीची कुणाच्या चुलीवर शिजिवली! ऊट रं बाबा, घिऊन जा तुजी मेंढरं, आन परत हिकडं दिसू नगंस.' झालं! अर्ध्या तासात आमी वाटंला लागलो. पाटणला पोचलो आन पाऊस आला."

"म्हंजे पोरानं मुद्दाम तीस लिवलं," चुलते म्हणाले.

"मग? मेंढराच्या घरातल्या पोराला सात आन तीस कळत न्हाई व्हय? आन वळखबी दिली न्हाई त्यानं. वळख दिली असती तर त्येचा सायेब म्हनला असता, बापासाठी लिवतूय. काळा चष्मा लावून बसला कलेक्टरागत, आन लिवलं झ्याक!"

सगळे माझ्याकडं बघून हसले. आईनं दारातून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी काय केलं? मी हसलो. थोडी मान खाली घातली, थोर माणूस घालतो तशी. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

तिकडं ऑफिसात साहेबही तीच गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत एका लेखी तक्रारीनं सरकारी बाग वाचली होती. दरवर्षी त्या मेंढ्या वीत गेल्या. साहेब निवृत्त झाले तेव्हा कळप शंभरावर गेला होता. एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या होत्या, आणि दोन्हींचा नायक मीच. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

पुढच्या मेमध्ये मी मंडळाबरोबर पुन्हा गेलो. पश्चात्ताप झालेला माणूस सहली सोडतो असा माझा तरी अनुभव नाही. ठोसेघर पाहिलं. कोरडं.

गावाकडं माझा भाव वाढतच गेला. कुणाला अर्ज लिहायचा असला, कुणाचा पोरगा पलटणीत भरती करायचा असला, की माझ्यासाठी थांबायचे. "तिसाचा सायेब येऊ दे." आई तर कुणीही घरात आलं की ही गोष्ट सांगायची. "माज्या लेकानं..." इथून सुरुवात. मी असलो की मला बाहेर जाऊ द्यायची नाही, शेजारी बसवून सांगायची. तीस म्हणताना माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा तिनं कुणा नव्या सुनेला ही गोष्ट सांगितली, मी भाकरी खात होतो आणि भाकरी खात राहिलो.

आई गेली. कळप विकला गेला. आबा एकटे, पंचाऐंशीच्या घरात, दारातल्या बाभळीखाली बसून टकळीवर लोकर कातायचे. चार-पाच मेंढ्या ठेवल्या होत्या, सवय म्हणून. मी पन्नाशी ओलांडली होती, साहेब होऊन चुकलो होतो, आणि मला झोप येईनाशी झाली होती. डॉक्टरनं फिरायला सांगितलं. फिरण्याचं मला वावडं नव्हतं, पण कुठल्याही बागेत गेलो की नजर कुंपणाकडं जायची.

गेल्या मेमध्ये एका सकाळी मी आबांपुढं जाऊन बसलो.

"आबा, एक सांगायचंय. कोयनेचं."

"सांग की."

"मी तीस मुद्दाम लिहिलं नव्हतं. साहेब म्हणाले तीस, म्हणून लिहिलं. तुम्ही सुटावं म्हणून काही केलं नाही. आणि ओळख दिली नाही ती लाजेनं. माझे वडील अधिकारी आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं नव्हतं, पण सांगू दिलं होतं."

एवढं एका दमात बोललो. पंचवीस-तीस वर्षं जुळवलेलं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. आबांची टकळी फिरतच होती. धागा लांब झाला, त्यांनी तो गुंडाळला, पुन्हा टकळी सोडली.

"मेंढरू मुळासकट खात न्हाई," ते म्हणाले.

"माहीत आहे, आबा."

"वरनं कुरताडतं. पाऊस पडला की गवत पुन्यांदा येतं. तुला ठावं हुतं ते."

"होय."

"मग झालं." टकळी फिरली. मला वाटलं, म्हाताऱ्याला बाकीचं समजलं नाही. पुन्हा सांगावं लागणार. पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

"तुमाला..." मी अडखळलो. गावची भाषा तोंडात यायला लागली होती. "तुमाला ठावं हुतं का?"

"येडा का खुळा तू?" आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "आंब्याच्या सावलीत कोन काळा चष्मा लावतंय का?"

एक मेंढी उठली, अंग झाडलं, पुन्हा बसली.

"मग सगळ्यास्नी तसं का सांगितलं?"

"सगळ्यास्नी कुटं? आदी तुज्या आयला सांगितलं." आबांनी टकळी मांडीवर ठेवली. "ती कुंपनापल्याड घोडं धरून हुबी हुती न्हवं. तिनं बगितलं तुला. तू बसमदी चडंस्तवर बगत हुती. मी मेंढरं घिऊन भाईर आलो तर इचारती, आवं, त्यो आपलाच न्हवं? मग हिकडं का आला न्हाई? आता काय सांगायचं मी तिला?"

बाभळीची सावली आखडत चालली होती.

"मुकादम तीस-तीस करून वरडत हुता, तेवडं घावलं हाताला. तिथंच, घोडं चालता चालता सांगितलं. पाटण येस्तवर तिला पटलं. मग तिनंच समद्या गावाला सांगितलं. मी नुसतं मागनं व्हय-व्हय केलं. फुडं फुडं मलाबी बरं वाटाय लागलं."

मी विचारलं, "तिला खरंच पटलं होतं?"

"ते म्या कधी इचारलं न्हाई," आबा म्हणाले. "गोष्ट चांगली झाली हुती. मोडू कशाला?"

त्यांनी टकळी पुन्हा हातात घेतली. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, "तूबी मोडू नगंस आता. ल्हान सुना सांगत्यात पोरास्नी. चार घरात तुजं नाव हाय."

मी होय म्हणालो. आयुष्यभर मी आबांचं ऐकलं नाही, तेव्हा हेही ऐकलं नाही. गोष्ट मोडायला बसलो. शेऱ्याची ती वही कधीच वाळवीच्या पोटात गेली असेल, तिथं जाऊन आता काही खोडता येत नाही. तेव्हा इथं लिहून ठेवतो. अक्षर पूर्वीइतकं सरळ येत नाही.

त्या सकाळी बागेत सात मेंढ्या आल्या. मुळं जागच्या जागी होती. मेंढपाळ निष्काळजी नव्हता. तो माझा बाप होता, आणि कुंपणापलीकडं घोडं धरून माझी आई उभी होती.